निवल्यावरचं माप

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी साळवे सरांचं नाव घेतो. शमुवेल भास्कर साळवे. जन्म आईवडिलांनी दिला, पण ज्या शब्दांच्या जोरावर मी पोट भरलं आणि पदवीपर्यंत पोचलो ते सरांनी दिले. पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते मापखोलीचे प्रमुख होते. केसाहून बारीक फरक त्यांच्या डोळ्यांना दिसायचा. ते डोळे जाताना मी जवळून पाहिले.

त्यांची माझी पहिली भेट मला अजून स्वच्छ आठवते. बासष्ट-त्रेसष्टचा सुमार. जामखेडहून एसटीनं पुण्याला आलो होतो, तिथून पिंपरीची बस धरली होती. उतरल्यावर उशीर झाल्याच्या धास्तीनं कंपनीच्या फाटकापर्यंत उन्हात पळत गेलो. शिकाऊ कामगार म्हणून निवड झालेल्या मुलांना एकेक करून साळवे सरांकडे पाठवत होते. मी आत गेलो तर खोली थंडगार. भिंतीत एक यंत्र घुमत होतं. मधोमध जाडजूड लोखंडी पाट, गुळगुळीत घासलेला, आणि त्यावर चकचकीत दांडे ओळीनं मांडून ठेवलेले. उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ त्यांच्यावर वाकून उभे होते. त्यांनी मला एकदा नीट पाहिलं, बाकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "बसा. निवा."

एवढं बोलून ते कामाला लागले. मी बसलो. घाम वाळला, श्वास खाली बसला, तरी ते काही विचारीनात. मला वाटलं, आपण नापास झालो, नुसतं तोंडावर सांगत नाहीत इतकंच. परत जायला बस कधी असेल याचा मी हिशेब करू लागलो. तेवढ्यात ते हात पुसत समोर आले आणि म्हणाले, "हं. आता सांगा, नाव काय?"

पुढे कळलं की तो पाटावरचा दांडा आणि बाकावरचा मी, दोघंही एकाच कारणासाठी तिथे होतो. घासण्याच्या यंत्रावरून आलेला दांडा गरम असतो. गरम असतो तेव्हा तो फुगलेला असतो. बोटांनी नुसता धरला तरी हाताची ऊब त्याला लागते. तेव्हा घेतलेलं माप खोटं. म्हणून त्याला त्या थंड खोलीत, लोखंडी पाटावर, खोलीइतका थंड होईपर्यंत पडू द्यायचं आणि मग मोजायचं. जगभर मापखोल्यांत हेच करतात. सरांचं वेगळेपण एवढंच, की खोलीच्या दाराबाहेर पडल्यावरही ते हाच नियम पाळायचे. "तापलेला असतो तोवर धातू खरं सांगत नाही," ते म्हणत, "आणि माणूस तर मुळीच नाही."

घरी आलेलं पत्र ते आल्या दिवशी फोडत नसत. कपाटावर ठेवत, दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर वाचत. कुणी भांडण घेऊन आलं तर ऐकून घेत आणि म्हणत, "ठेवा इथं. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा भांडणारा यायचाच नाही. उत्पादन विभागाचे साहेब महिनाअखेरीला कावलेले असत. एकदा गाडी फाटकात उभी, माल भरायचा राहिलेला, आणि दांडे नुकतेच यंत्रावरून उतरलेले. साहेब स्वतः मापखोलीत आले आणि शिक्का मारून द्या म्हणाले. सरांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. साहेब बसले नाहीत. आरडाओरडा करून, वर तक्रार करीन म्हणून निघून गेले. सर मला म्हणाले, "बघा, तेही गरमच आहेत. त्यांचंही माप आज घ्यायचं नाही." दांडे थंड झाल्यावरच मोजले गेले. त्या दिवशी गाडी रिकामीच परत गेली.

सर मूळचे नगरकडचे. मिशनच्या शाळेत शिकले. पाळक व्हायचं म्हणून धर्मशिक्षणाच्या कॉलेजात गेले, तिथे ग्रीक भाषा शिकले आणि शेवटच्या वर्षाच्या आधीच बाहेर पडले. का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तर अर्थात दुसऱ्या दिवशी दिलं. म्हणाले, "देवाचं माप मला घेता येईना, आणि माप न घेता बोलायची मला सवय नव्हती." रविवारी मात्र ते न चुकता प्रार्थनेला जात. ग्रीक तेवढी डोक्यात राहिली आणि पुढे ती आम्हा खेडवळ पोरांच्या कामी आली.

आमची इंग्रजीची अवस्था काय सांगू. मी मराठी शाळेतून कसाबसा मॅट्रिक झालेला. माझ्याबरोबर बबन गव्हाणे होता, आकुर्डीच्या जुन्या घरचा, ज्यांची जमीन कारखान्यांत गेली त्यांपैकी. कंपनीतल्या प्रत्येक उपकरणाचं नाव आम्हाला दातांखाली खडा आल्यासारखं वाटायचं. मायक्रोमीटर, हायग्रोमीटर, पायरोमीटर, टॅकोमीटर. आम्ही ती पाठ करायचो आणि एकात एक मिसळायचो. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की सर आम्हाला थांबवून घेत. फळ्यावर एक शब्द लिहीत आणि म्हणत, "पाठ करू नका. खोला. यंत्र बिघडलं की खोलता ना, तसा खोला."

मग तो शब्द खडूनं मधोमध चिरायचा. एका बाजूला मीटर. ग्रीकमध्ये मेट्रॉन म्हणजे माप. तो तुकडा सगळीकडे तोच, नटबोल्टसारखा. दुसऱ्या बाजूला जे उरेल त्याचं माप. थर्मोस म्हणजे ऊन, गरम. हायग्रोस म्हणजे ओलं. टॅकोस म्हणजे वेग. मिक्रोस म्हणजे बारीक. डायामीटर म्हणजे आरपार माप, आणि जॉमेट्री म्हणजे जमिनीचं माप, तलाठ्याचं काम. "शाळेत तुम्हाला घाबरवलं ते या तलाठ्यानं," असं ते म्हणाले तेव्हा वर्ग हसला. भूमितीत मी वर्षानुवर्षं मार खाल्ला होता. त्या दिवशी तिची भीती गेली.

भट्टीची धग मोजणाऱ्या पायरोमीटरच्या दिवशी त्यांनी ग्रीक पीर म्हणजे विस्तव असं सांगितलं. मागून बबन म्हणाला, "सर, म्हंजी इस्तू. आमी इस्तू म्हन्तो." सर थांबले, फळ्यावर पायरोमीटरखाली 'इस्तूमाप' असं लिहिलं आणि पुसू दिलं नाही. त्या आठवड्यात भट्टीवरच्या जुन्या कामगारांनीही तो शब्द उचलला. बबनला जोर आला. पुढच्या शनिवारी त्यानं विचारलं, फोरमन किती तापलाय ते बघायला फोरमनमीटर न्हाई का? सर गंभीरपणे म्हणाले की फोरमन हा शब्द ग्रीक नसल्यामुळे तसलं उपकरण जुळणार नाही, बबननं आधी फोरमनला ग्रीक करून आणावं. कामगार सरांना मागे 'मेट्रॉन' म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

माझं स्वतःचं एका शब्दाशी वैर होतं, ते म्हणजे किलो. माझे वडील जामखेडच्या बाजारात मापाडी होते. धान्याच्या राशीपुढे बसून पायलीनं माप घालायचे, आणि पहिलं माप टाकताना एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. त्यांचा आवाज अख्ख्या बाजारात ऐकू यायचा. सरकारी किलो आला, काटे आले, पायली गेली. वजनाच्या काट्याला मोजून ओरडणारा माणूस लागत नाही. वडील घरी बसले, आणि म्हणून मला पिंपरीची वाट धरावी लागली. मी हे वर्गात बोललो नव्हतो. सरांनी फळ्यावर किलो लिहिलं आणि मला शब्द खोलायला सांगितला. मी उभा राहिलो, पण खडू हातात घेतला नाही. त्यांनी विचारलं, काय झालं? तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी मला बसवलं. म्हणाले, खिलिओइ म्हणजे हजार. हजार ग्रॅमचा तो किलो, एवढंच. मग समजावलं की मोठी मापं ग्रीक आहेत, डेका, हेक्टो, किलो. छोटी, डेसी, सेंटी, मिली, ही लॅटिन. "वाढवायचं असेल तर ग्रीक, तुकडे करायचे असतील तर लॅटिन," हे त्यांचं वाक्य आमच्या सगळ्यांच्या तोंडी बसलं. मात्र वडिलांबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. सोमवारी मापखोलीत मी दांडे पुसत असताना ते शेजारी आले आणि म्हणाले, "एकनाथ, तुझे वडील एकला लाभ म्हणायचे. असा शब्द ग्रीकांकडे नव्हता." मी मान खाली घालून पुसत राहिलो. त्या दिवसापासून ते मला अरे-तुरे करू लागले, आणि मला त्यांच्या घरचं दार उघडं झालं.

ते दापोडीत राहायचे, रेल्वेलगतच्या एका गल्लीत. गाडी गेली की भांडी वाजायची. सुवार्ताबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या काकू, फुलपात्र हातानं धरून बोलणं चालू ठेवायच्या. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला पितळी चौकटीचा एक बॅरोमीटर होता. बारोस म्हणजे भार, हवेचा भार. रोज सकाळी सर त्याला बोटानं टिचकी मारत, काटा बारीकसा हलायचा, आणि ते काकूंना सांगत की आज छत्री लागेल किंवा नाही. काकू म्हणत, "आमच्या घरात हवामान ऐकल्याशिवाय चहाला उकळी येत नाही."

त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून मी पदवीचा अभ्यास केला. कंपनीत शिफ्ट, रविवारी दापोडी. काकू मध्येच भाकरी आणि पिठलं आणून ठेवायच्या आणि कागद सरकवायच्या. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्र हातात घेऊन मी दापोडीला धावलो. सरांनी माझा नंबर भिंगातून पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "ठेव." काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, पोरगं पास झालंय, आजच्या दिवस तरी..." पण सर नुसते हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या कासारवाडीच्या खोलीच्या दारात सर आणि काकू उभे. सरांनी लग्नातला कोट घातला होता. उकाड्यात घाम गळत होता. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "आज निवलं. आता खरं धरायला हरकत नाही." आमच्या घराण्यात पदवीचा कागद पाहिलेला मी पहिला माणूस, आणि त्या कागदासाठी कोट घालणारे ते एकटेच.

आता जे सांगायचं ते सांगितलं पाहिजे.

पुढे काही वर्षांनी सरांना दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. गल्लीतल्या खांबावरच्या दिव्याला, स्टेशनच्या दिव्यांना, इंद्रधनुष्यासारखं. अधूनमधून डोकं दुखायचं. काकू म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. सर म्हणाले, एका दिवसाच्या मापावर विश्वास ठेवू नये, निवू दे. काही दिवस कडं दिसायचं नाही, मग त्यांना आपलं म्हणणं बरोबर वाटायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा ते वाट पाहायचे. मला कुणीच काही बोललं नव्हतं. पहिल्यांदा बबनच्या लक्षात आलं. मापखोलीतून बाहेर पडताना सरांचा डावा खांदा चौकटीला लागायचा. बबन मला म्हणाला, "येकनाथ, सरास्नी कडंचं दिसत न्हाई राव. म्या डाव्या अंगाला हुबा व्हतो, त्यास्नी ठावंच न्हाई." मी त्या दिवशी लक्ष ठेवलं. खरं होतं. मायक्रोमीटरवरची रेघ ते अजून वाचत होते, समोरची रेघ. पण बाजूचं जग त्यांना नव्हतं.

पुण्याच्या डोळ्यांच्या इस्पितळात मी आणि काकू त्यांना घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी सरांना टेबलावर आडवं केलं, डोळा बधिर करायचे थेंब घातले आणि पेटीतून एक छोटंसं उपकरण काढलं. खाली वाटीसारखं पाऊल, मध्ये सरकणारी दांडी, वर काटा आणि पट्टी. ते डोळ्यावर ठेवून आतला दाब पाहायचा. सरांनी पडल्या पडल्या विचारलं, याला काय म्हणतात? डॉक्टर म्हणाले, टोनोमीटर.

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. नवीन शब्द भेटल्याचा आनंद होता तो. "टोनोस," ते म्हणाले. "ताण. तारेचा ताण. एकनाथ, हा आपल्या वर्गात राहिला होता." मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "झिरो बघितलात का?"

डॉक्टर हसले. पण त्यांनी पेटीतला धातूचा गोल ठोकळा काढला, उपकरण त्यावर टेकवलं, काटा शून्यावर आहे हे सरांना दाखवलं आणि मगच डोळ्यावर ठेवलं. दोन्ही डोळे झाले. त्यानंतर दुसऱ्या खोलीत एका अर्धगोल पट्टीसमोर बसवून बाजूचं किती दिसतं ते तपासलं. सगळं झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं की हा त्रास केव्हापासून आहे. सर म्हणाले, गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून. मग इतके दिवस काय केलंत, डॉक्टरांनी विचारलं.

सर म्हणाले, "निवायला ठेवलं होतं."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. काचबिंदू होता. आतल्या दाबानं डोळ्याची नस मरते आणि मेलेली नस परत येत नाही, असं डॉक्टरांनी मराठीत, सावकाश सांगितलं. जे गेलं ते गेलं, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. बाहेर वऱ्हांड्यात काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "तुमच्या निवण्यानं घात केला." मी त्यांच्या तोंडून सरांना दिलेला दोष तेवढाच ऐकला. सरांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही दिलं नाही.

थेंब सुरू झाले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जग आत आत सरकू लागलं. समोरचं जे गोल दिसायचं ते नाण्याएवढं झालं. एक दिवस सरांनी स्वतःच मापखोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि वरिष्ठांना सांगितलं की आता माझ्या मापावर शिक्का मारू नका. कंपनीनं त्यांना काही महिने स्टोअरमध्ये बसवलं, मग मुदतीआधी निवृत्त केलं. निरोपाचा समारंभ जेवणाच्या सुट्टीत उरकला. शनिवारचा वर्ग बंद झाला. शिकाऊ मुलांवर नेमलेल्या नवीन शिक्षकांनी फळा रंगवून घेतला, त्यात बबनचं इस्तूमाप गेलं. नवीन पोरांनी ते विचारलंही नाही.

मला नाशिकला चांगली नोकरी लागली. जाऊ का, असं सरांना विचारलं तेव्हा त्यांनी या वेळी लगेच उत्तर दिलं. "जा. ठेवू नकोस." तेच माझ्या मनाला लागलं.

नाशिकहून मी सुट्टीत दापोडीला यायचो. प्रत्येक वेळी सर थोडे आणखी लांब गेलेले वाटायचे. खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे, हात टेबलावर पसरून. रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन बॅरोमीटरला टिचकी मारायचे आणि विचारायचे, "किती?" काकू काट्याकडे बघून सांगायच्या, "अठ्ठावीसच्या जरा खाली आहे. कालपेक्षा उतरलाय." किंवा, "चढलाय थोडा." सर मान हलवायचे, पावसाबद्दल एक वाक्य बोलायचे, मग चहा व्हायचा. ते पाहून मला बरं वाटायचं. एका भेटीत मी सहज जवळ जाऊन पाहिलं. काटा अडकलेला होता. काचेच्या आत गंज दिसत होता. मी टिचकी मारली, तो हलला नाही. मागे वळलो तर काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

त्या दुपारी काकू दुकानात गेल्या. सर म्हणाले, "एकनाथ, बॅरोमीटर बघ. किती दाखवतोय?"

खोटं माप सांगायचं नाही, हे मी ज्या माणसाकडून शिकलो तोच विचारत होता. मी म्हणालो, "सर, काटा अडकलाय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "टिचकी मारली की आत बारीक आवाज व्हायचा. तो कधीचा बंद झाला. भर वैशाखात ती मला पावसाचा आकडा सांगते." गाडी गेली, भांडी वाजली. "तिला बोलू नकोस. रोज सकाळी ती तिथं उभी राहून माझ्यासाठी एक आकडा शोधते. तो मी घेतो."

आयुष्यभर ज्यानं एकही खोटं माप दारातून आत येऊ दिलं नाही, तो माणूस आता रोज एक मागून घेत होता.

त्यानंतरच्या वर्षी सरांचं पत्र आलं. अक्षर काकूंचं. उरलेला उजेडही गेला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी हात वर केले होते, पण मुंबईला एक मोठे डॉक्टर आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. सोबत तपासणीचे सगळे कागद होते. 'त्यांना दाखव,' सरांनी लिहवलं होतं. 'ते काय म्हणतात ते मला लिही. जे माप येईल ते जसंच्या तसं. काही उरलं असेल तर मी आणखी थांबेन. नसेल तर मला ते कळायला हवं, म्हणजे रोज सकाळी उठून बघायचं तरी थांबेल.' खाली सही, वाकडी, सरांची. आणि सहीच्या खाली, कोपऱ्यात, काकूंनी आपल्या मनानं लिहिलेली एक ओळ होती: 'एकनाथ, जरा सांभाळून लिही.'

मी रजा काढून मुंबईला गेलो. डॉक्टरांनी वेळ दिला, कागद उजेडाला धरून पाहिले. मी एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं विचारत राहिलो, उत्तर एकच येत राहिलं. परत आल्यावर पत्र लिहायला बसलो. पत्र वाचून दाखवणार काकू. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी ते त्यांच्या तोंडून जाणार, आणि त्यांना सोसलं नाही तर वाटेत बदलणार. बबन मध्यंतरी नाशिकला भेटायला आला होता. तो म्हणाला, "माझ्याकं दे, म्या जाऊन वाचून दावतो." मी विचार केला आणि नको म्हटलं. सरांना हे ऐकायचं तर काकूंच्याच आवाजात ऐकू दे, असं वाटलं. शेवटी जे पाठवलं ते असं होतं.

तीर्थस्वरूप सर आणि काकू यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

मुंबईच्या डॉक्टरांना सगळे कागद दाखवले. त्यांनी घाई न करता पाहिले. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकल्या आहेत. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. थेंबांनी, चष्म्यानं किंवा परदेशी नेऊनही दृष्टी परत येणार नाही. थेंब चालू ठेवायचे ते फक्त डोळा दुखू नये म्हणून. काही उरलं आहे का, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हणाले.

काकू, वाचताना थांबावंसं वाटलं तर थांबा. पाणी प्या. पण शब्द बदलू नका. सरांना तुमच्या आवाजावरून कळेल.

सर, हे पत्र मुंबईहून आलो त्याच दिवशी लिहिलं होतं. पाठवलं नाही. टेबलावर ठेवलं. निवल्यावर पुन्हा वाचलं. माप तेच आलं. म्हणून पाठवतो आहे. तुम्ही ते पुन्हा कपाटावर ठेवू नका, त्याचं निवणं इथं झालेलं आहे.

इथल्या कंपनीत मी शनिवारी वर्ग घेऊन पाहिला. पहिल्या शनिवारी काही मुलं आली. शब्द खोलून दाखवले. पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. त्यांना ओव्हरटाइम असतो. फळ्यावर टोनोमीटर लिहिलं होतं, ते मीच पुसलं.

वडील गेल्या महिन्यात वारले. शेवटी शेवटी खाटेवर पडून मापं घालत होते. दर वेळी लाभपासून सुरू करायचे.

मी दिवाळीत येईन. तोवर एक करा. सकाळी उठून डोळ्यांनी बघायचं सोडा, पण बॅरोमीटरला टिचकी मारायचं सोडू नका. आकडा काकूंना विचारा. त्या सांगतील तोच खरा धरा.

आपला,
एकनाथ